बायकोचं मत, माझी पेन्सिल

मी माझ्या बायकोचं मत चोरलं. 'चोरलं' म्हणायला अजून जीभ रेटत नाही, म्हणून इतके दिवस मी मनातल्या मनात वेगवेगळे शब्द लावून पाहिले. 'वळवलं' म्हणून पाहिलं, 'घरच्या मताबरोबर दिलं' म्हणून पाहिलं. एकही टिकला नाही. तिने विश्वासाने हातात दिलेली गोष्ट मी माझ्या कामाला वापरली आणि तिला सांगितलं, तुझ्याच कामाला वापरली. मराठीत याला जो शब्द आहे तोच मी वर लिहिला आहे.

आम्ही डच मुलखात, हूफडॉर्पला राहतो. मी आयटीत, ऑफिस सायकलने बारा मिनिटांवर. पासपोर्ट अजून भारताचाच आहे, पण इथे सलग पाच वर्षं रीतसर राहिलं की परक्या माणसालाही नगरपालिकेच्या निवडणुकीपुरतं मत देता येतं. मागच्या खेपेला आमची पाच वर्षं भरली नव्हती. या मार्चमध्ये पहिल्यांदाच पोस्टाने मतदानाचे दोन पास आले, एक माझ्या नावाचा, एक तिच्या. तिने ते फ्रिजवर मॅग्नेटने लावले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवले. मला त्या पासांचं फारसं कौतुक नव्हतं. मला हसू येत होतं ते इथल्या मतदानाच्या पद्धतीचं. इथे लोक लाल पेन्सिलीने मत देतात. कागदावर नावापुढे गोल असतो, तो पेन्सिलीने रंगवायचा, बालवाडीत रंगवतात तसा.

ऑफिसात मी या पेन्सिलीची यथेच्छ टिंगल केली. "आमच्याकडे खेड्यापाड्यातली आजीसुद्धा बटण दाबून मत देते. आणि तुम्ही? खडू कधी आणताय?" माझ्या शेजारी बसणारा डच सहकारी शांत माणूस आहे. तो म्हणाला, आमच्याकडेही यंत्रं होती. मग काही लोकांनी दाखवून दिलं की आतला माणूस कोणाला मत देतोय हे बाहेर उभं राहून उपकरणाने ओळखता येतं, म्हणून सरकारने ती यंत्रं मोडीत काढली. मी म्हटलं, "म्हणजे सर्दी झाली म्हणून नाक कापलं." तो हसला. "मत गुप्त राहिलं पाहिजे ना," एवढंच म्हणाला. मी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

यंत्राचा मला अभिमान होता, आणि तो उगाच नव्हता. इथे येण्याच्या दोनेक वर्षं आधी पुण्यात महापालिकेची निवडणूक झाली तेव्हा मी आईवडिलांना घेऊन मतदानाला गेलो होतो. एका प्रभागात चार नगरसेवक, म्हणून प्रत्येकाने चार बटणं दाबायची. चारही दाबून झाली की मगच ती लांब 'पीं' वाजते. आमच्या घरात मत कोणाला द्यायचं हे वडील ठरवायचे. घरची मतं फुटता कामा नयेत, हा त्यांचा नियम. आदल्या दिवशी त्यांनी आईला चिन्ह चारचारदा सांगितलं होतं. आई आत गेली, एक बटण दाबलं आणि पुठ्ठ्याच्या आडोशातून बाहेर आली. यंत्र गप्प. टेबलावरचा अधिकारी म्हणाला, "मावशी, परत जा. अजून तीन राहिलीत." लगेच वडील रांगेतून ओरडले, "अगं, सगळीकडे तेच चिन्ह!" त्या अधिकाऱ्याने त्यांना असं काही झापलं की आख्खी रांग हसली. आई परत आत गेली आणि तिथे तिने चांगलाच वेळ घेतला. मग 'पीं' वाजली. बाहेर आल्यावर वडिलांनी विचारलं, "दिलंस ना?" आई म्हणाली, "दिलं."

कोणाला दिलं ते तिने वडिलांना सांगितलं नाही आणि मलाही आजतागायत सांगितलेलं नाही. यंत्राची 'पीं' सगळ्यांची सारखीच असते. मी या गोष्टीवर खूश असायचो, चारचौघांत ती रंगवून सांगायचो. माझी सहानुभूती अर्थातच आईला असायची. मी वडिलांसारखा नाही, असं मला अगदी परवापरवापर्यंत वाटत होतं.

आता बायकोविषयी. ती माझ्यामागून इथे आली. पुण्यात ती एका प्रयोगशाळेत चांगल्या जागेवर होती. इथली पहिली तीन वर्षं तिने घरात काढली. मी सकाळी निघायचो आणि संध्याकाळी परत यायचो, आणि तेवढ्या वेळात ती सुपरमार्केटच्या काउंटरवरच्या मुलीला 'पिशवी नको' एवढंच बोललेली असायची. मला हे दिसत नव्हतं असं नाही. मी म्हणायचो, "अगं, यूट्यूबवर डच शीक की." मग तिला आमच्याच गल्लीतल्या एक डच बाई भेटल्या. साठीच्या पुढच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. दर मंगळवारी लायब्ररीत त्या परदेशी लोकांना कॉफी पाजून डच बोलायला लावायच्या. चूक झाली तर हसायच्या नाहीत, पण चूक सोडायच्याही नाहीत. शाळेतल्या शिक्षिकेला म्हणतात तसं बायको त्यांना घरात 'बाई'च म्हणायला लागली. वर्षभरात ती डच बोलू लागली. बाईंनी तिच्या नोकरीच्या अर्जाचं पत्र चार वेळा दुरुस्त करायला लावलं, आणि तिला लायडनच्या सायन्स पार्कमध्ये नोकरी लागली. मी सात वर्षांनंतरही 'खुदेमॉर्खन'च्या, म्हणजे 'गुड मॉर्निंग'च्या, पुढे गेलो की इंग्रजीत उतरतो.

या बाई यंदा निवडणुकीला उभ्या होत्या. एका छोट्या स्थानिक पक्षाच्या यादीत एकोणिसाव्या नंबरवर. इथे पक्षाच्या यादीतल्या आपल्याला हव्या त्या माणसापुढचा गोल रंगवता येतो, पण छोट्या पक्षाचा एकोणिसावा माणूस निवडून येत नाही. बाईंना ते माहीत होतं. लायब्ररीचे तास कमी करू नका म्हणणारी माणसं गावात किती आहेत ते कागदावर दिसू दे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आणि दुसरीकडे आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप. हूफडॉर्प आणि आसपासची भारतीय मंडळी, बरीचशी आमच्यासारखी पुण्यामुंबईची. एका मोठ्या पक्षाच्या यादीत खाली कुठेतरी एक भारतीय गृहस्थ होते. त्यांच्या स्वतःच्या नावावर पुरेशी मतं पडली तर यादीतला नंबर ओलांडून ते निवडून येऊ शकत होते. गणपतीला हॉल मिळत नाही, क्रिकेटला मैदान मिळत नाही, नगरपालिकेत आपला माणूस पाहिजे, अशी हवा तयार झाली. ग्रुपवर एक यादी फिरू लागली. घराचं नाव, आणि पुढे मतं किती. मी पहिल्या पाचांत होतो. लिहिलं, 'दोन, पक्की.' उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. बायकोला विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे मनातसुद्धा आलं नाही, आणि आज सगळ्यात जास्त शरम मला त्याची वाटते.

मतदान बुधवारी होतं. आधीच्या शनिवारी पुण्याहून फोन आला. सासूबाई जिन्यात पडल्या होत्या आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. बायकोला रजा जेमतेम आठवड्याची मिळाली. रविवारी दुपारचं विमान. बॅग भरता भरता ती मध्येच उठली, फ्रिजवरचा आपला पास काढला आणि त्याच्या मागची बाजू भरायला बसली. इथे अशी सोय आहे. स्वतःला जाता येत नसेल तर पासच्या मागे दुसऱ्याचं नाव लिहून सही करायची, ओळखपत्राची प्रत द्यायची. मग तो माणूस आपलं मत देताना त्याच वेळी तुमचंही देतो.

"यादी सात, नंबर एकोणीस," ती म्हणाली. "लक्षात राहील ना?"

"राहील गं."

"लिहून देते."

"मी काय लहान आहे का?"

तिने तरी पिवळ्या चिठ्ठीवर दोन्ही आकडे लिहिले आणि चिठ्ठी पासला चिकटवली. म्हणाली, "माझं इथलं पहिलं मत आहे रे. बाईंसाठी मी दुसरं काय करणार? निदान एवढं तरी."

त्याच क्षणी तोंड उघडायला हवं होतं. 'अगं, मी ग्रुपवर दोन मतं कबूल करून बसलोय,' एवढं एक वाक्य. ती चिडली असती आणि 'कोणाला विचारून?' म्हणाली असती. मी स्वतःला सांगितलं की तिची आई तिकडे दवाखान्यात आहे, आत्ता वाद नको. खरं सांगायचं तर तो वाद मी हरलो असतो, म्हणून मला तो नको होता. मी पास खिशात घातला आणि तिला स्टेशनवर सोडलं.

बुधवारी ऑफिसातून निघालो. आमच्या नगरपालिकेत गावातल्या कुठल्याही केंद्रावर मत देता येतं. घराजवळचं केंद्र लायब्ररीत होतं, पण मला स्टेशनजवळचं वाटेवर पडत होतं. टेबलामागे तीन माणसं. त्यातले एक म्हातारे गृहस्थ पट्टी ठेवून नंबर तपासत होते. मी रांगेत असताना ग्रुपवर संदेश आला, 'अजून कोणाची राहिली आहेत? पटापट कळवा.' खाली ज्या घरांची झाली त्यांच्यापुढे हिरव्या खुणा. माझ्यापुढे नव्हती. मी पासवरची पिवळी चिठ्ठी काढून खिशात टाकली, दोन्ही पास दिले, बायकोचं ओळखपत्र फोनवर दाखवलं. त्या गृहस्थांनी सही ताडून पाहिली आणि दोन मतपत्रिका दिल्या.

आडोशाला उभा राहून कागद उलगडला. वर्तमानपत्राच्या दोन पानांएवढा. आधी माझं मत दिलं, आमच्या ग्रुपच्या गृहस्थांना. मग दुसरा कागद. बाईंचं नाव सापडलं नाही, असं म्हणायची सोय मी ठेवत नाही. यादी सात, नंबर एकोणीस, लगेच सापडलं. पेन्सिल टेकवायचीच बाकी होती. तेवढ्यात डोक्यात हिशेब सुरू झाला की बाई काही निवडून येत नाहीत, आपला माणूस एकेका मतासाठी झगडतोय, शब्द दिलाय, आणि हा कागद एकदा पेटीत पडला की कोणाचा कोणता कोणाला कळणार आहे! हा शेवटचा मुद्दाच खरा. बाकीचे त्याला टेकू होते. मी पेन्सिल उचलून दुसऱ्या रकान्यात नेली आणि मगाशी रंगवला होता तोच गोल पुन्हा रंगवला. नीट रंगवला, कडेच्या बाहेर न जाता.

बाहेर येऊन फोटो काढला. मागे मतदान केंद्राची पाटी, आणि मी तर्जनी वर करून उभा. बोटाला शाई नव्हती, इथे लावतच नाहीत. पण आपल्याकडच्या सवयीने बोट वर गेलं. तो फोटो ग्रुपवर टाकला आणि बायकोलाही पाठवला.

तिचा फोन दवाखान्यातून आला. शस्त्रक्रिया नीट झाली होती. सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "दिलंस ना?"

"दिलं," मी म्हटलं.

खोटं एका अक्षराचंही नव्हतं. नरो वा कुंजरो वा. मत दिलं होतंच की. फोन ठेवल्यावर आई आठवली. तिनेही वडिलांना हेच उत्तर दिलं होतं, पण ती स्वतःचं मत सांभाळत होती. तिचा शब्द मी उचलला आणि नेमका वडिलांच्या बाजूने वापरला. त्या संध्याकाळी मला भूक लागली नाही. तरी मी स्वतःला म्हटलं, होईल सवय.

बायको शनिवारी परत आली. रविवारी सकाळी अकरा वाजता बेल वाजली. दारात बाई, एका हातात सफरचंदाचा केक, दुसऱ्या हातात लॅपटॉप. सासूबाईंची चौकशी झाली, कॉफी झाली. मग बाईंनी लॅपटॉप उघडला. त्या निवडून आल्या नव्हत्या, पण साठच्या वर माणसांनी त्यांचं नाव शोधून रंगवलं होतं, आणि त्या खूश होत्या. नगरपालिका प्रत्येक केंद्राचा मोजणीचा तक्ता सगळ्यांसाठी खुला ठेवते, कोणत्या उमेदवाराला कुठे किती मतं पडली ते त्यात असतं. निवृत्त शिक्षिकाच त्या. सगळे तक्ते त्यांनी बसून वाचले होते. लायब्ररीतलं केंद्र, शाळेतलं केंद्र, वृद्धाश्रमातलं केंद्र, त्यांचं बोट एकेक ओळ खाली येत होतं. आणि मग स्टेशनजवळचं. तिथे त्यांच्या नावापुढे शून्य होतं.

"इथे तर एक असायला हवं," बाई म्हणाल्या. त्या सावकाश बोलत होत्या, मला कळावं म्हणून. मग बायकोकडे वळल्या. "तू मला फोटो पाठवला होतास, मागे याच केंद्राची पाटी होती."

बायकोने माझा तो बोट वर केलेला फोटो बाईंना पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'माझा नवरा माझं मत तुम्हाला देऊन आला.' हे मला तेव्हाच, त्या टेबलावर कळलं. 

बाई म्हणाल्या, "माझ्या एका मतासाठी नाही म्हणत मी. पण एक चुकीच्या गठ्ठ्यात गेलं असेल तर आणखीही गेली असतील." मोजणीत चूक दिसली तर कोणालाही कळवता येतं, पण दिवस थोडेच असतात. कळवलं तर नगरपालिका त्या केंद्राचे कागद पुन्हा तपासायला काढू शकते. बायको म्हणाली, "मग आत्ताच लिहूया."

आणि मी काय केलं? मी गप्प बसलो असतो तरी एक वेळ समजण्यासारखं होतं. मी इंग्रजीत म्हणालो, "हाताने मोजलं की असं होणारच. यंत्र असतं तर ही भानगडच झाली नसती."

हे वाक्य माझ्या तोंडून आलं. आजही अंघोळ करताना, सायकल चालवताना ते मध्येच आठवतं आणि मी एकटाच मोठ्याने "च्यक" करतो. बाईंनी मात्र ते मनावर घेतलं. म्हणाल्या, "खरं आहे, माणसं दमतात. पण तिथे एक जुने बसचालक मोजायला असतात, मी त्यांना ओळखते. पट्टी ठेवून मोजतात ते. त्यांना फार वाईट वाटेल." म्हणजे ते म्हातारे गृहस्थ. मला त्यांचा हात दिसला, बायकोची सही ताडून बघणारा.

चहाचं निमित्त करून मी उठलो. आमचं स्वयंपाकघर हॉललाच लागून आहे, पळायला जागा नाही. मी पातेल्यात पाणी घेतलं आणि गॅस न लावता तसाच उभा राहिलो. बायको लॅपटॉपवर डचमध्ये लिहीत होती आणि माझ्यासाठी मराठीत सांगत होती. "ऐक, असं लिहिते. माझ्या नवऱ्याने माझ्या सांगण्याप्रमाणे यादी सात, उमेदवार एकोणीस यांना मत दिलं. किती वाजता गेला होतास रे? खाली तुझंही नाव घालते, तूच साक्षीदार."

"थांब," मी म्हटलं.

"काय?"

"ते लिहू नकोस."

"का? वेळ आठवत नाही का?"

"मी बाईंना नाही दिलं."

हे सगळं मराठीत चाललं होतं. बाईंना त्यातलं काही कळत नव्हतं. त्या कप हातात धरून आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघत होत्या, आणि कोणीतरी आपल्याला सांगेल म्हणून तोंडावर हसू ठेवून होत्या. ते हसू मला बघवेना.

"नाही दिलं म्हणजे? कोणाला दिलंस?"

"ग्रुपवाल्यांच्या माणसाला. दोन्ही."

तिने लॅपटॉपवरचा हात काढला. मग म्हणाली, "चुकून?"

तिने मला वाट करून दिली होती. एवढा मोठा कागद, शेकडो नावं, लाल पेन्सिल, पहिलीच वेळ. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता, निदान तसं दाखवलं असतं, आणि तिघांची दुपार निभावली असती. 'हो' माझ्या ओठांवर आलंही होतं.

"नाही," मी म्हटलं. "चुकून नाही. तू मला सांगायच्या आधीच मी ग्रुपवर दोन मतं कबूल केली होती."

 तिने लिहिलेलं पुसायला घेतलं. बटण दाबून धरलं आणि अक्षरं एकेक करून मागे जात राहिली. बरंच लिहिलं होतं तिने. मग ती बाईंकडे वळली आणि डचमध्ये म्हणाली, "मोजणी बरोबर आहे. माझ्या नवऱ्याने माझं मत तुम्हाला दिलं नाही. त्याला जे हवं होतं त्यासाठी ते वापरलं." सात वर्षांत पहिल्यांदाच कुठेही न अडखळता मला डच कळलं.

बाई लालबुंद झाल्या. मला वाटलं आता माझी खरडपट्टी निघणार, आणि मला ती हवी होती. पण त्यांनी माझीच क्षमा मागितली. म्हणाल्या, "मी यायलाच नको होतं. कोणी कोणाला मत दिलं हे विचारू नये. मत गुप्त असतं, तुम्ही सांगायची गरज नव्हती."

"त्याचं गुप्त असतं," बायको म्हणाली. "हे माझं होतं."

बाईंनी कप खाली ठेवला, लॅपटॉप मिटला. "म्हणजे त्यांनी बरोबर मोजलं," असं स्वतःशीच म्हणाल्या, आणि खरंच त्यांना त्या बसचालकाच्या बाबतीत हायसं वाटलेलं दिसलं. दारात त्यांनी बायकोला जवळ घेतलं. मला हात केला, रोज गल्लीत करतात तसाच.

त्या गेल्यावर आम्ही दोघं त्या केकसमोर बसलो. मी माफी मागितली. शब्द बरे होते, आधी जुळवून ठेवलेले होते म्हणून. तिने ऐकून घेतलं. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. भांडणात दोन बाजू असतात आणि मला निदान एक तरी मिळाली असती. ती एवढंच म्हणाली, "तुला त्यांना मत द्यायचं होतं तर तुझं होतं ना तुझ्याकडे."

ते गृहस्थ निवडून आले. ग्रुपवर आभाराचा लांबलचक संदेश आला, पेढ्यांची चित्रं आली, आणि यादी शेवटची एकदा फिरली. आमच्या घरापुढे दोन हिरव्या खुणा होत्या. एका उत्साही भाईने खाली लिहिलं, 'भाभीजी को स्पेशल थँक्स, इंडिया में होकर भी वोट दिया.' मी ते वाचून फोन उलटा ठेवला. खुलासा करायला हवा होता. केला नाही. हेही इथे लिहून ठेवतो, नाहीतर एकदा 'नाही, चुकून नाही' म्हटल्याबरोबर मी सुधारलो असं कोणालातरी वाटायचं.

पुढच्या महिन्यातली गोष्ट. आमच्या घरात सरकारी कामं माझ्याकडे असतात. तिचा डॉक्टर बदलायचा असो, रहिवासाचं कार्ड नवीन करायचं असो, तिच्या नावाने लॉगिन मीच करतो, पासवर्ड माझ्याच फोनमध्ये. फक्त तिच्या फोनवर येणारा कोड तेवढा ती तिथून ओरडून सांगते. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि मला ती माझी मदत वाटायची. त्या दिवशी नगरपालिकेचं एक पत्र आलं होतं, तिच्या नावाचं. मी लॅपटॉप उघडला, तिचा पासवर्ड टाकला. चूक दाखवली. पुन्हा टाकला. पुन्हा चूक.

"पासवर्ड बदललास का गं?" मी विचारलं.

"हो."

"मग सांग की. आणि कोड आला असेल तोही."

ती हात पुसत आली. "सरक जरा," म्हणाली.

आवाजात राग नव्हता. मी उठलो, ती माझ्या खुर्चीवर बसली. मी नेहमीसारखा तिच्या खांद्यामागे उभा होतो. ती टाइप करायला लागली नाही. कीबोर्डवर बोटं ठेवून थांबली. ती कशासाठी थांबली आहे हे मला कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा कान तापले. मी मागे सरून खिडकीपाशी गेलो आणि बाहेर बघत उभा राहिलो. मग मागे बटणांचा आवाज सुरू झाला.